पळी, तांब्या आणि वाकडी काठी : रोमन चांदीची 'धार्मिक' नाणी जमवायची तर

प्रश्न असा आला आहे: "मी नोकरीनिमित्त म्युनिकमध्ये राहतो. मूळचा सांगलीचा. इथल्या एका नाणे-विक्रेत्याकडे टायबेरियस बादशहाचं 'ट्रिब्यूट पेनी' पाहिलं आणि मन अडकलं. देवदेवता, देवळं, होमहवन अशी चित्रं असलेली रोमन चांदीची नाणी जमवायची इच्छा आहे. वर्षाला एका बऱ्या मोबाइलच्या किमतीएवढे पैसे बाजूला काढू शकतो. सुरुवात याच नाण्यापासून करू का? खोटं नाणं कसं ओळखायचं? आणि पुढेमागे भारतात परतलो तर संग्रह बरोबर आणता येईल का?"

टायबेरियसचं ते नाणं आत्ता घेऊ नका. नाण्यात खोट काही नाही, पण त्याला चिकटलेल्या गोष्टीचे पैसे तुमच्याकडून घेतले जातील. त्याच्या छाप्यावर टायबेरियसचा चेहरा आहे. काट्यावर खुर्चीत बसलेली एक स्त्री, तिच्या हातात राजदंड आणि डहाळी, आणि कडेने 'पॉन्टिफ मॅक्सिम', म्हणजे मुख्य पुरोहित, ही अक्षरं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायात येशूला कैसराला कर द्यावा की नाही असं विचारतात. तो एक दिनार, म्हणजे रोमन चांदीचं नाणं, मागून घेतो आणि यावर चित्र कोणाचं, असं उलट विचारतो. १६११च्या इंग्रजी बायबलात दिनाराला 'पेनी' म्हटलं गेलं आणि हे नाव या नाण्याला कायमचं चिकटलं. येशूच्या हातात हेच नाणं होतं, असं मजकुरात कुठेही नाही. ऑगस्टसची नाणीही तेव्हा चालत होती, आणि यरुशलेमच्या उत्खननांत त्या काळातले रोमन दिनार अगदी मोजके निघतात. पण गोष्ट भारी असल्यामुळे नाण्यांशी एरवी काही देणंघेणं नसलेली माणसंही हे एक नाणं घेतात आणि भाव चढा राहतो. दुर्मीळ म्हणाल तर ते मुळीच नाही. लुगदुनुमच्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या ल्योंच्या टांकसाळीतून हा प्रकार टायबेरियसच्या जवळजवळ सबंध कारकिर्दीत (इ.स. १४ ते ३७) फारसा न बदलता निघत राहिला.

आपल्याकडे तर तो पोत्यांनी आला होता म्हणा ना. दक्षिण भारतात रोमन दिनारांचे जे साठे सापडले, त्यांत दोनच प्रकारांची गर्दी असते. एक हा टायबेरियसचा आणि दुसरा ऑगस्टसचा, ज्यावर त्याचे दत्तक घेतलेले नातू गायस आणि लुसियस ढाली घेऊन उभे आहेत. तेलंगणातल्या अक्कनपल्लेच्या एका साठ्यातच सुमारे दीड हजार दिनार होते. ही दुसरी जात लक्षात ठेवा. तुमच्या संग्रहाचं दार मी तिथूनच उघडणार आहे.

त्या नाण्यावर दोन पोरांच्या मध्ये, ढालींच्या वर, दोन बारीक वस्तू कोरल्या आहेत. नवखा माणूस त्यांना नक्षी समजतो. भिंगातून पाहा. एक आहे लांब दांड्याची पळी, लॅटिनमध्ये 'सिंपुलुम'. दुसरी टोकाला गुंडाळी घेतलेली काठी, 'लिटुउस'. पळी पोंतिफेक्सची, म्हणजे राज्याचे धर्मविधी पाहणाऱ्या पुरोहित-मंडळाच्या सदस्याची. वाकडी काठी औगुरची, म्हणजे पक्ष्यांच्या उडण्यावरून शकुन पाहणाऱ्याची. गायस पोंतिफेक्स होता, लुसियस औगुर होता. लढाई न पाहिलेल्या दोन मुलांच्या हाती आजोबांनी ढाली-भाले दिले आणि डोक्यावर पुरोहितपणाची खूण ठेवली. वारस कोण, हे साऱ्या साम्राज्याला कळलं. पुढे दोघेही आजोबांच्या आधी गेले, आणि गादी शेवटी टायबेरियसकडे आली.

'धार्मिक चित्रं' म्हटलं की नवा संग्राहक देवांच्या मागे लागतो. गुरू, मंगळ, मिनर्व्हा, शुक्र. हौस म्हणून ठीक आहे, पण रोमन चांदीत देव इतके आहेत की दहा वर्षं घेत राहिलात तरी हाती विस्कळीत ढीगच उरेल. डोमिशियनने मिनर्व्हाची चारच ठरावीक रूपं वर्षानुवर्षं काढली. त्यांतलं एक घेतलं की भागतं. माझा सल्ला असा की पूजेच्या उपकरणांपासून सुरुवात करा. एक तर ती आपल्याला शिकवावी लागत नाहीत. सिंपुलुम म्हणजे पळी, पातेरा म्हणजे ताम्हणासारखी उथळ वाटी, अर्घ्याचा तांब्या म्हणजे तांब्याच. आस्पेरगिलुम हा पाणी शिंपडायचा केसांचा झुपका. आपण दर्भाने किंवा आंब्याच्या डहाळीने प्रोक्षण करतो, तेच काम. आपेक्स ही पुरोहिताची शेंडा असलेली टोपी. बळी देताना यजमान अंगावरच्या तोगाचं टोक डोक्यावर घेतो, पदर घ्यावा तसं. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे चित्र एका नजरेत कळतं. मी जर्मन आणि इंग्रज संग्राहकांना दोन-दोन तास हे समजावताना पाहिलं आहे.

दुसरं कारण महत्त्वाचं. नाण्यावर ही उपकरणं भक्तिभावाने येत नाहीत. पुरोहितपद हे रोममध्ये राजकीय पद होतं. निवडून येऊन किंवा नेमणुकीने मिळायचं आणि बहुधा मरेपर्यंत राहायचं. अमुक उपकरण म्हणजे अमुक मंडळाचं सदस्यत्व. त्यामुळे नाण्यावर काय आहे यासोबत काय नाही, हेही वाचता येतं.

इ.स.पू. ४९-४८ मधलं सीझरचं हत्तीचं नाणं घ्या. दर्शनी बाजूला हत्ती काहीतरी तुडवतो आहे. साप म्हणा, कोणी गॉल लोकांचं रणशिंग म्हणतं, वाद आहे. खाली 'कैसार' एवढंच. मागे एक अक्षर नाही, फक्त पळी, झुपका, कुऱ्हाड आणि टोपी. सीझर इ.स.पू. ६३ पासून मुख्य पुरोहित होता. सिनेटने त्याला राज्याचा शत्रू ठरवलेलं, फौज घेऊन तो इटलीत उतरलेला, आणि शिपायांच्या पगाराच्या नाण्यावर तो सांगतो आहे की रोमच्या देवांचा अधिकृत माणूस मीच आहे. या नाण्यावर वाकडी काठी नाही, कारण तो तेव्हा औगुर नव्हता. इ.स.पू. ४६ चं त्याचं दुसरं नाणं पाहा. एका बाजूला धान्यदेवी सेरेस, दुसऱ्या बाजूला पळी, झुपका, तांब्या आणि आता काठीही, आणि वर 'औगुर' असं स्पष्ट लिहिलेलं. मधल्या काळात त्याने ते पदही पदरात पाडून घेतलं होतं. ही दोन नाणी शेजारी ठेवलीत की दोन वर्षांचं राजकारण बोटाच्या टोकावर येतं.

मग इ.स.पू. ४२. सीझरला मारणारा ब्रूटस पूर्वेकडे फौज जमवतो आहे. त्यालाही पगार द्यायचे आहेत. त्याच्या एका दिनारावर एका बाजूला कुऱ्हाड, पळी, सुरी आणि 'ब्रूटस', दुसऱ्या बाजूला तांब्या, काठी आणि त्याचा साथीदार लेंटुलुस स्पिंथर. ब्रूटस पोंतिफेक्स, लेंटुलुस औगुर. ज्याला मारलं त्याच्याच नाण्याची भाषा, जवळजवळ तशीच्या तशी. इ.स.पू. ३७ मध्ये ऑक्टेव्हियनही, म्हणजे पुढचा ऑगस्टस, तीच चार उपकरणं काढतो, पण 'मुख्य पुरोहित' हे शब्द त्याला लिहिता येत नाहीत. ते पद त्याचा सत्तेतला भागीदार लेपिडस याच्याकडे होतं. लेपिडसची सारी सत्ता काढून घेतली तरी ऑक्टेव्हियनने हे पद त्याच्याकडून हिसकावलं नाही. तो मरेपर्यंत थांबला आणि इ.स.पू. १२ मध्ये ते स्वतः घेतलं. त्यानंतर प्रत्येक बादशहा मुख्य पुरोहित होत गेला.

हत्तीचं नाणं आणि ब्रूटसचं नाणं दोन्ही महाग, ब्रूटसचं तर फारच. ती आत्ता तुमच्यासाठी नाहीत. मी एवढा वेळ त्यांच्यावर घालवला कारण पुढची स्वस्त नाणी वाचायची किल्ली इथे आहे.

पहिली खरेदी म्हणून मी व्हेस्पेशियनचा 'औगुर' दिनार सुचवेन. इ.स. ७०च्या सुरुवातीच्या वर्षांतला. छाप्यावर त्याचा तो मानेवर वळ्या असलेला शेतकरी चेहरा, काट्यावर पळी, झुपका, तांब्या, काठी, वर 'औगुर' आणि खाली 'त्रि पोट', म्हणजे लोकाधिकाऱ्याची सत्ता. व्हेस्पेशियन सबाइन प्रदेशातल्या रेआते भागातला. वंशात ना सीझर, ना कोणी मोठा पुरोहित. यादवी जिंकून गादीवर बसलेल्या अशा माणसाला ही चार उपकरणं किती गरजेची होती! नाणं भरपूर मिळतं. बरं झिजलेलं पण चारही वस्तू ओळखू येतील असं पाहिलंत तर टायबेरियसच्या एका नाण्याच्या पैशांत बहुतेक वेळा दोन येतील.

त्यानंतर युवराजांची माळ लावा. ही माझी आवडती. गादीच्या वारसाला 'कैसार' पदवी दिली की त्याला पुरोहित-मंडळांत घेत, आणि नाण्यावर उपकरणं येत. जणू मुंजीची पत्रिकाच. नीरोच्या लहानपणीच्या दिनारावर (इ.स. ५१ ते ५४) तिवईवर पळी आणि ताटलीवर काठी आहे, आणि भोवतीचा लांबलचक मजकूर सांगतो की सिनेटच्या ठरावाने याला सर्व मंडळांत, ठरलेल्या संख्येपेक्षा जादा म्हणून, सामील करून घेतलं. तेरा वर्षांचा पोरगा, आणि सगळ्या मंडळांत खास जागा! मार्कस ऑरेलियसचं युवराजपणाचं 'पिएतास औग', म्हणजे बादशहाची धर्मनिष्ठा, असं लिहिलेलं नाणं त्याच जातीचं, इ.स. १४०च्या सुमाराचं. २३५-२३८ मध्ये मॅक्सिमिनसचा मुलगा मॅक्सिमस, मग २५०च्या आसपास डेशियसचा मुलगा हेरेनियस. दोनशे वर्षं तोच साचा. तोवर बाप शेतकरी असो की शिपाई, मुलाची 'मुंज' नाण्यावर लागायचीच. नीरो सोडून बाकीची नाणी तुमच्या आवाक्यात आहेत. मार्कसचं जरा थांबून घ्या, चेहरा नीट असलेलं.

देवळं आवडत असतील तर एकच सांगतो, आणि ते जरा पैसे साठवून घ्या. इ.स.पू. ५५ मध्ये क्विंतुस कासियुसने काढलेला व्हेस्टाच्या, म्हणजे चुलीच्या देवीच्या, गोल देवळाचा दिनार. देवळाच्या आत अधिकाऱ्याची खुर्ची, डावीकडे मतपेटी म्हणून घडा, उजवीकडे 'आ' आणि 'का' ही आद्याक्षरं असलेली पाटी. 'आ' म्हणजे निर्दोष, 'का' म्हणजे दोषी. देवळात मतपेटी कशाला? इ.स.पू. ११४ मध्ये व्हेस्टाच्या तीन कुमारिका-पुजारिणींवर व्रतभंगाचा आरोप झाला. मुख्य पुरोहिताने एकीलाच दोषी ठरवलं, दोघी सुटल्या. लोक खवळले. दुसऱ्या वर्षी खास न्यायालय बसवलं, त्याचा प्रमुख याच कासियुस घराण्यातला लुसियुस कासियुस, आणि उरलेल्या दोघींनाही शिक्षा झाली. शिक्षा म्हणजे जिवंत पुरणं. याच माणसाने इ.स.पू. १३७ मध्ये खटल्यांत गुप्त मतदानाचा कायदा आणला होता. टांकसाळीवरचा तरुण अधिकारी साठ वर्षांनी आपल्या घराण्याची फुशारकी मिरवतो आहे, आणि देऊळ म्हणून आपण जे कौतुकाने पाहतो त्यात तीन बायकांचा जीव गेला आहे. मी हे नाणं हातात घेतलं की दरवेळी थोडा गप्प होतो.

स्वस्त आणि सुंदर हवं तर 'दिवा फाउस्टिना'. अँटोनिनस पायसची बायको फाउस्टिना इ.स. १४० मध्ये वारली, सिनेटने तिला देवी केलं, आणि नवऱ्याने पुढे कितीतरी वर्षं तिच्या नावाची नाणी काढली. मोर, सिंहासन, हातात मशाल घेतलेली सेरेस, 'एटेर्निटास', म्हणजे अनंतता. इतकी की कोणत्याही लिलावात दोन-चार असतातच. एकावर तिचं देऊळही आहे. ते देऊळ रोमच्या फोरममध्ये अजून उभं आहे, पुढे त्यात चर्च झालं, खांब मूळचे. म्युनिकहून रोमला जाणं अवघड नाही. नाणं खिशात नेऊन त्या खांबांसमोर उभे राहा. (खिशात म्हणजे डबीत. किल्ल्यांबरोबर नको.)

आणि एलागाबालुस. सिरियातल्या एमेसाच्या, आजच्या होम्सच्या, सूर्यदेवाचा हा वंशपरंपरागत पुजारी चौदाव्या वर्षी बादशहा झाला (इ.स. २१८ ते २२२). त्याच्या देवाला मूर्ती नव्हती. काळा, शंक्वाकार धोंडा. आपल्याकडे देवीचा तांदळा असतो, शेंदूर लावलेला, नाक-डोळे नसलेला. रोमन लोक मूर्तीला सरावलेले, त्यांना हे विचित्र वाटलं असेल, पण मराठी माणसाला तांदळ्याची पूजा समजावून सांगावी लागत नाही. एका नाण्यावर हा धोंडा चार घोड्यांच्या रथात बसून चालला आहे, चक्क पालखीसारखा. ते महाग पडतं. पण 'सम्मुस सासेर्दोस औग', म्हणजे सर्वोच्च पुजारी बादशहा, हा प्रकार सहज मिळतो. त्यावर तो सिरियन पोशाखात वेदीपाशी आहुती देतो आणि बाजूच्या मोकळ्या जागेत तारा चमकतो. त्याचा खून झाल्यावर धोंडा एमेसाला परत पाठवला गेला.

डेशियसची 'दिवी' मालिका वर्षभर थांबून घ्या. इ.स. २४९-२५० मध्ये त्याने साऱ्या प्रजेने देवांना बळी द्यावा असा हुकूम काढला आणि ख्रिस्ती लोकांचा पहिला साम्राज्यभर छळ त्यातून सुरू झाला. त्याच सुमारास देव झालेल्या ११ जुन्या बादशहांची नाणी निघाली, ऑगस्टसपासून सेव्हेरस अलेक्झांडरपर्यंत. मागे गरुड किंवा पेटती वेदी. ती दिनार नाहीत. अँटोनिनियानुस म्हणतात ती, किरणांचा मुकुट असलेली, आणि चांदी तोवर निम्म्याहूनही कमी. पण बळीचा दाखला मागणाऱ्या सरकारचं हे नाणं आहे, आणि अकराच्या अकरा जमवायचा नाद लागतो. मला नऊ मिळाली. दोनांनी पंधरा वर्षं छळलं आहे.

ख्रिस्ती खुणा चांदीवर शोधाल तर निराशा होईल. कॉन्स्टंटाइनच्या शिरस्त्राणावर ख्रिस्ताचं चिन्ह असलेलं इ.स. ३१५चं रौप्यपदक आहे, पण त्याचे जगात मोजकेच नग, तेही संग्रहालयांत. चौथ्या शतकातल्या सिलिक्वा नावाच्या पातळ चांदीच्या नाण्यांवर मजकूर बहुधा नवसाचाच, 'इतकी वर्षं झाली, आणखी इतकी होवोत' अशा धर्तीचा. खुणा पाहायच्या तर तांब्याची नाणी बघावी लागतील.

एक सावधगिरी. आपल्या सवयीच्या डोळ्यांना जे दिसतं ते तिथे असेलच असं नाही. एका प्रदर्शनात सेप्टिमियस सेव्हेरसचा दिनार 'सिंहवाहिनी दुर्गा प्रकार' म्हणून दुप्पट किमतीला मांडलेला मी पाहिला. विक्रेत्याचं नाव सांगत नाही. त्यावर सिंहावर बसलेली बाई आहे खरी, पण ती कार्थेजची दिआ कैलेस्तिस, आणि मजकूर कार्थेजवर बादशहाच्या मेहेरबानीचा आहे. सिंहावर बसलेली देवी कुषाणांच्या नाण्यांवरही असते, तिचं नाव नाना. दोन ठिकाणच्या दोन देवी. नाण्यावरचा मजकूर वाचायला शिका; पंचवीस-तीस संक्षेप पाठ झाले की नव्वद टक्के नाणी उलगडतात. प्रजासत्ताकाच्या नाण्यांसाठी क्रॉफर्ड या अभ्यासकाच्या सूचीतले क्रमांक आणि बादशाही नाण्यांसाठी 'आर.आय.सी.', म्हणजे 'रोमन इम्पीरियल कॉइनेज' या सूचीतले, क्रमांक वापरतात. दोन्ही सूची अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने चित्रांसह इंटरनेटवर फुकट ठेवल्या आहेत. विक्रेत्याने दिलेला क्रमांक तिथे टाकून आधी पडताळा घ्या आणि मगच किमतीचं बोला.

आता खोटी नाणी. माझी फजिती सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत व्हेस्पेशियनचा हाच उपकरणांचा दिनार मी घेतला. कडेला घड्याळाच्या चारच्या जागी छोटी चीर, तांब्या थोडा घासलेला. खूश होतो. वर्षभराने एका मित्राच्या तबकात तेच नाणं दिसलं. तोच बादशहा तर होताच, पण चीरही तीच, चारच्याच जागी, आणि तांब्याची झीजही तीच. प्राचीन नाणं हातोड्याने एकेक ठोकलं जायचं. एकाच ठशाची दोन नाणी असू शकतात, पण चिरा आणि झीज जुळणं अशक्य. दोन्ही एकाच साच्यात ओतलेली. तेव्हापासून मी कोणत्याही नाण्याआधी त्या प्रकाराची वीस-तीस छायाचित्रं पाहतो, मुद्दाम तोच डाग शोधत.

ओतीव नाण्याची कड पाहा. जोडाची पुसट रेघ किंवा घासून काढल्याची खूण असते. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे गोल खड्डे, आणि अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या मऊ. ठोकलेल्या नाण्यात अक्षरांजवळ धातू बाहेर वाहत गेल्याच्या बारीक रेषा दिसतात. पण ठोकलेली खोटी नाणीही आहेत, आणि ती खरी धोक्याची. जर्मनीत कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२-१८३०) याने हाताने ठसे कोरून शेकडो प्राचीन नाणी बनवली. ती जुनी दिसावीत म्हणून लोखंडाच्या किसाबरोबर डबीत घालून आपल्या घोडागाडीखाली बांधायचा आणि फेरफटक्याला न्यायचा, अशी गोष्ट सांगतात. आजकाल बल्गेरियातून येणारी काही प्रतिकृती नाणी इतकी चांगली आहेत की मीही छायाचित्रावरून हमी देणार नाही.

वजन बघा. साधारण इ.स.पू. २११ मध्ये दिनार सुरू झाला तेव्हा साडेचार ग्रॅमच्या आसपास होता, मग लवकरच ३.९ वर स्थिरावला, नीरोने इ.स. ६४ मध्ये ३.४च्या जवळ आणला. सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात चांदी निम्म्यावर, आणि गालिएनस बादशहाच्या कारकिर्दीच्या शेवटी पाच टक्क्यांच्याही खाली. दशांशाचे दोन अंक दाखवणारा काटा घ्या. मात्र हलकं नाणं म्हणजे आधुनिक खोटं, असा तर्क करू नका. प्राचीन काळातलेच खोटे दिनार असतात, आत तांबं, वरून चांदीचा पत्रा, ज्याला 'फूर्रे' म्हणतात. कुठे पत्रा फुटून लालसर किंवा हिरवं दिसेल. गायस-लुसियस प्रकारात ते पुष्कळ. मला ते आवडतात, किंमत मात्र त्याच हिशोबाने द्या. याच भीतीने तेव्हाचे सराफ नाण्यावर बारीक शिक्के मारून पाहत. आपल्या जुन्या रुपयांवर सराफांच्या खुणा असतात ना, तेच. नवखे त्या खुणा दोष समजून सोडतात. मी खुशीने घेतो. दक्षिण भारतात सापडलेल्या काही नाण्यांवर छिन्नीचा लांब घावही असतो, तो वेगळा विषय.

सराफाकडे नेऊन टंच काढू नका. कसोटीवर घासलं तर नाणं गेलंच. यंत्रावर धरलं तर ते फक्त वरच्या थराची चांदी सांगतं, आणि जुन्या नाण्यात वरच्या थरातलं तांबं झिरपून गेलेलं असतं, म्हणून आकडा फुगून येतो. दोन हजार वर्षं जुनी चांदी आतून ठिसूळही होते. फरशीवर पडलेला दिनार काचेसारखा दोन तुकडे झालेला मी पाहिला आहे. नाणं नेहमी गादीवर किंवा जाड रुमालावर हाताळा.

धुऊ तर मुळीच नका. चिंच, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट, चांदीच्या भांड्यांची पावडर, काही नाही. ती काळपट झाक चढायला शतकं लागली आहेत आणि अर्धी किंमत तीच आहे. एका ओळखीच्या काकूंनी दिवाळीच्या साफसफाईत नवऱ्याचे सहा दिनार लखलखीत करून ठेवले होते. त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की आम्ही कोणी काही बोललो नाही. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवलंत तर काही वर्षांत हिरवट चिकटा धरतो. मायलारची पाकिटं वापरा. जर्मनीत कोरडी हवा आहे. सांगलीला आणाल तेव्हा पावसाळ्यात डबीत सिलिका जेल ठेवा.

शेवटचा प्रश्न कायद्याचा, आणि त्यात लोक फसतात. जर्मनीत २०१६ पासून सांस्कृतिक वारशाचा कडक कायदा आहे. विक्रेत्याकडून छापील पावती घ्या, त्यावर नाण्याचा सूची-क्रमांक, वजन आणि छायाचित्र असू द्या, आणि नाणं आधी कोणत्या लिलावात, कोणत्या जुन्या संग्रहात होतं हे लिहून मागा. 'शेतात सापडलं' असं ऐकलंत की उठा. भारतात आणायचं तर १९७२चा पुरावस्तू कायदा लागतो. शंभर वर्षांहून जुनं नाणं त्याच्या व्याख्येत पुरावस्तू ठरतं, आणि ते भारतातच घडलेलं हवं अशी अट त्या व्याख्येत नाही. आणताना सीमाशुल्क खात्याला जाहीर करा, पावत्या दाखवा. पण एकदा आणलंत की खासगी माणसाला ते पुन्हा देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे जे नाणं कधीतरी युरोपात विकायचा विचार असेल, ते परतण्याआधीच विका. आणि सुट्टीत दक्षिणेत फिरताना कोणी जमिनीतून निघालेले दिनार दाखवले तर हात लावू नका. १८७८च्या निखात-निधी कायद्याने असा ठेवा सापडल्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्याला द्यावी लागते.

गावी आलात की नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेत एक दिवस काढा, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली नाणीही पाहा. त्याआधी, या महिन्यात, व्हेस्पेशियन शोधा. दोन-तीन नग समोर घ्या आणि भिंग आधी वाकड्या काठीच्या गुंडाळीवर धरा. झिजताना ती गुंडाळी लवकर जाते. ती स्पष्ट असेल तर बाकीच्या तीन वस्तू बहुतेक शाबूत असतात, मग झुपक्याचे केस मोजा.